घाटरस्ते, मीठ आणि उधारीचा हिशेब

मराठवाड्याच्या पठारावरून खानदेशात उतरावयाचे तर कन्नडचा घाट ओलांडावा लागतो. जेम्स औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नावावरून औट्रम घाट म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग आज सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. दक्षिणेकडून मध्य प्रदेश, गुजरात आणि राजस्थानकडे जाणाऱ्या मालाची मोठी वाहतूक वर्षानुवर्षे या वाटेने होत आली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी झालेल्या अतिवृष्टीत या घाटात अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या, रस्ता खचला, मालमोटारी जागच्या जागी अडकून पडल्या. त्याच पावसाने खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांना महापूर आणला. पुढे २०२३ च्या ऑगस्टपासून, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार, जड वाहनांना या घाटातून बंदी करण्यात आली. घाटाखालून बोगदा खणण्याची योजना तर त्याच्याही कितीतरी आधीपासून चर्चेत आहे.

या साऱ्या चर्चेत एक मागणी एकमुखाने होत असते : रस्ता चालू राहिला पाहिजे. मागणी रास्तच आहे. परंतु डोंगरातील रस्ता बारा महिने आणि चोवीस तास चालू ठेवावयाचा तर त्याची किंमत किती, आणि ती कोणी द्यावयाची, हा प्रश्न त्या मागणीच्या पोटात दडलेला असतो. तो सहसा कोणी विचारीत नाही. जगातील थंड देशांना हाच प्रश्न पावसाऐवजी बर्फाच्या निमित्ताने पडला. त्यांनी त्यावर एक अत्यंत स्वस्त उत्तर शोधून काढले, आणि त्या उत्तराची खरी किंमत त्यांना ऐंशी वर्षांनंतर कळत आहे. ते उत्तर म्हणजे मीठ. कन्नडच्या घाटात बर्फ पडत नाही हे खरे. तरीही या मिठाच्या कहाणीकडे मराठी वाचकाने लक्ष देण्यास दोन सबळ कारणे आहेत. एक, हिमालयातील रस्ते आता हिवाळ्यातही खुले ठेवण्याचे धोरण देशाने स्वीकारले असून हा प्रश्न भारताच्या दाराशी येऊन ठेपला आहे. दुसरे, तात्पुरत्या उपायाची उधारी कशी साठत जाते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

बर्फावरील उतारा

हाताने फिरवावयाच्या पॉटमध्ये ज्यांनी घरी आइस्क्रीम केले आहे, त्यांना बर्फ आणि जाडे मीठ यांचे नाते वेगळे सांगावयास नको. बर्फात मीठ मिसळले की बर्फ वितळू लागतो आणि तरीही ते मिश्रण बर्फाहून अधिक थंड होते. मीठ उष्णता देत नाही. ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. शुद्ध पाणी शून्य अंशास गोठते, तर मिठाने पुरेसे खारवलेले पाणी शून्याखाली २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे नऊ-दहा अंशांच्या खाली साध्या मिठाचा प्रभाव फारसा उरत नाही. त्याहून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड यांसारखे क्षार वापरावे लागतात.

डोंगरी रस्त्यावर भुसभुशीत बर्फाचे भय तसे कमीच. तो यंत्राने बाजूस सारता येतो. खरे भय असते ते डांबराला चिकटून बसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फाच्या पातळ पापुद्र्याचे. दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठते आणि पहाटेच्या पहिल्या वाहनाला वळणावर ब्रेक लागत नाही. हा पापुद्रा आणि डांबर यांच्यामधील पकड सोडविणे हे मिठाचे काम. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये रस्त्यांवर मिठाचे प्रयोग सुरू केले आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यापासून ते नियमित धोरण बनले. त्या हिवाळ्यात अमेरिकेतील महामार्गांवर सुमारे पाच हजार टन मीठ पडले. आज त्या देशात दरवर्षी दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर टाकले जाते. भारताचे मिठाचे एकूण वार्षिक उत्पादन तीन कोटी टनांच्या घरात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो.

हे मीठ निरर्थक उधळले गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने असंख्य अपघात टळले, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचल्या, शाळा आणि कारखाने चालू राहिले. शिवाय मीठ स्वस्त, विपुल आणि वापरण्यास सोपे. रस्त्याची जबाबदारी असलेल्या अभियंत्याला याहून सोयीचे साधन कोणते मिळणार? नेमकी हीच सोय पुढे घातक ठरली.

मीठ जाते कोठे?

बर्फ वितळतो, पाणी वाहून जाते, रस्ता कोरडा होतो आणि मीठ दृष्टीआड होते. परंतु दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते. मिठातील क्लोराइड कुजत नाही, विरत नाही, त्याला कोणताही जिवाणू खात नाही. ते पाण्याबरोबर नाल्यात, नाल्यातून नदीत आणि मातीतून भूजलात उतरते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ मध्ये गोड्या पाण्यातील जीवसृष्टीसाठी क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा दर लिटरला २३० मिलिग्रॅम ठरविली. ही मर्यादा किती सहज ओलांडली जाते हे समजावयास प्रयोगशाळा नको : चहाचा एक चमचा मीठ सुमारे एकोणीस लिटर पाण्यात, म्हणजे एका मोठ्या घागरीत, टाकले की ती गाठली जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइडचे स्वीकारार्ह प्रमाण २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास ते एक हजारापर्यंत चालवून घेतले जाते.

मातीची गोष्ट महाराष्ट्राला शिकवावयास नको. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत ऊसाला वारेमाप पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या. त्या जमिनीत साठलेले मीठ बाहेर काढण्यासाठी जमिनीखालून चर आणि नळ घालावे लागतात आणि त्याचा एकरी खर्च सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो. मीठ जमिनीत शिरणे सोपे आणि निघणे महाकठीण, हा अनुभव कृष्णाकाठाने पिढीभर घेतला आहे. थंड देशांत रस्त्याकडेच्या पट्ट्यांत हेच घडते. सोडियम मातीचे कण विस्कटतो, माती घट्ट बनते, पाणी मुरत नाही आणि कडेची झाडे शेंड्याकडून वाळू लागतात.

कॅनडाच्या शासनाने याची दखल सर्वांत स्पष्टपणे घेतली. २००१ च्या डिसेंबरात तेथील अधिकृत परीक्षणाने रस्त्यांवरील क्षार हे पर्यावरणास अपायकारक असल्याचा निष्कर्ष काढला आणि २००४ मध्ये त्यांच्या वापराची आचारसंहिता प्रसिद्ध केली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की कॅनडाने मिठावर बंदी घातली नाही. त्या हवामानात ते शक्यही नव्हते. एकदा साऱ्या समाजाची दिनचर्या, नोकरीच्या वेळा आणि वाहनांचा वेग मिठाच्या भरवशावर ठरले, म्हणजे मग अपाय सिद्ध होऊनही मागे फिरता येत नाही. केवळ प्रमाण कमी करता येते.

पोलादाला लागलेली कीड

पाण्याइतकाच मोठा फटका बसतो तो लोखंडाला. सिमेंट काँक्रीटच्या आत असलेल्या सळ्यांभोवती एक संरक्षक थर असतो. क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत जाऊन तो थर भेदते आणि सळी आतल्या आत गंजू लागते. गंजलेले लोखंड फुगते, काँक्रीट तडकते आणि त्या फटींतून आणखी खारे पाणी आत शिरते. बाहेरून पूल धडधाकट दिसत असतो.

महाराष्ट्र आणि गोव्याला यासाठी बर्फाळ प्रदेशाकडे पाहण्याची गरज नाही. पणजीजवळ मांडवी नदीवरील पूल १९७० मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि अवघ्या सोळा वर्षांत, ५ जुलै १९८६ रोजी, कोसळला. खाडीच्या खाऱ्या हवेत पुलातील ताण दिलेल्या पोलादी तारा गंजून गेल्या होत्या. नवा पूल उभा राहून खुला व्हावयास १९९२ साल उजाडले. समुद्रकाठचा पूल खाऱ्या हवेला चुकवू शकत नाही. त्याला ते भोगणे भाग असते. परंतु समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या डोंगरातील पुलावर स्वतःच्या हाताने दरवर्षी मीठ ओतणे म्हणजे त्याला समुद्रकाठी नेऊन ठेवण्यासारखेच आहे. २००६ च्या सप्टेंबरात कॅनडातील मॉन्ट्रियलजवळ लाव्हाल येथे एक उड्डाणपूल कोसळून पाच माणसे मरण पावली. चौकशीत सळ्यांची चुकीची रचना आणि काँक्रीटचा हलका दर्जा ही कारणे पुढे आली. आणि त्या हलक्या काँक्रीटचा ऱ्हास गोठण-वितळणीच्या चक्राने व रस्त्यावरील मिठाने वेगाने झाला होता, हेही निष्पन्न झाले.

खर्च एकाचा, खाते दुसऱ्याचे

इतके अपाय ठाऊक असताना मिठाचा वापर वाढतच का गेला? याचे उत्तर रसायनशास्त्रात नसून हिशेबाच्या वहीत आहे. मीठ विकत घेतो रस्ते विभाग. त्याच्या वहीत मिठाची किंमत तेवढी खर्ची पडते आणि समोर जमेला दिसतात टळलेले अपघात आणि वाहते रस्ते. गंजलेला पूल दुरुस्त करण्याची वेळ वीस-पंचवीस वर्षांनी येते. तोवर तो अभियंता निवृत्त झालेला असतो. खारावलेली विहीर शेतकऱ्याची असते. गंजलेली मोटार मालकाची असते. नदीतील मासे तर कोणाच्याच खात्यात नसतात.

अमेरिकेतील फ्लिंट शहराचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. एप्रिल २०१४ मध्ये पैसा वाचविण्यासाठी त्या शहराचा पाणीपुरवठा फ्लिंट नदीवरून सुरू करण्यात आला. या नदीच्या पाण्यात आधीच्या पाण्याहून क्लोराइडचे प्रमाण बरेच अधिक होते, आणि त्यात रस्त्यावरील मिठाचाही वाटा असल्याचे अभ्यासकांनी दाखविले. त्या पाण्यात गंजविरोधी द्रव्य मिसळण्याची खबरदारी अधिकाऱ्यांनी घेतली नाही. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले आणि ते मुलांच्या पोटात गेले. विशेष असे की, या पाण्याने यंत्राचे भाग गंजतात म्हणून तेथील मोटार-इंजिनांच्या कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वापरणे बंद केले. नागरिकांना मात्र ते पुढे वर्षभर पाजण्यात आले. मुख्य दोष प्रशासनाचा होता, यात शंका नाही. परंतु दूरवरच्या रस्त्यांवर अनेक हिवाळे टाकलेले मीठ एका गरीब वस्तीच्या नळापर्यंत कसे पोहोचते, हे त्यातून दिसले.

पर्यायांची परीक्षा

मिठाला पर्याय नाहीत काय? आहेत, आणि प्रत्येकाची स्वतःची अडचण आहे. कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्लोराइड अधिक थंडीत चालतात, पण क्लोराइड ते क्लोराइडच. युरिया विमानतळांवर वापरून पाहण्यात आला. तो धातूला कमी छळतो, परंतु त्यातील नत्र पाण्यात जाऊन शेवाळ माजविते. ॲसिटेट वर्गातील द्रव्ये लोखंडाला फारशी बाधत नाहीत, मात्र त्यांची किंमत मिठाच्या अनेक पट असते आणि पाण्यात कुजताना ती प्राणवायू शोषून घेतात. उत्तर अमेरिकेत बीटाच्या साखरेतून उरलेली मळी खाऱ्या पाण्यात मिसळून रस्त्यावर फवारण्याची पद्धतही रूढ झाली आहे. साखर कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला मळी ओढ्यात गेल्यावर ओढ्याचे काय होते, हे निराळे सांगावयास नको.

जपानचा अनुभव याहूनही उद्बोधक आहे. तेथे बर्फावर पकड मिळावी म्हणून मोटारींच्या टायरना लोखंडी खिळे बसविण्याची चाल होती. या खिळ्यांनी रस्ते खरवडले जाऊन सेंदाई, सप्पोरो यांसारख्या शहरांत धुळीचे लोट उठू लागले आणि श्वासाचे विकार वाढले. १९९० मध्ये कायद्याने या टायरना आळा घातला गेला. हवा स्वच्छ झाली, परंतु रस्ते निसरडे झाले आणि मग बर्फ वितळविणाऱ्या क्षारांचा वापर वाढला. एका उपायाचा अपाय दूर करताना दुसऱ्या अपायाला आमंत्रण गेले.

या सर्व प्रयोगांतून जे देश काही शिकले, त्यांनी नवे द्रव्य शोधण्यापेक्षा जुन्याचा वापर आटोक्यात आणण्यावर भर दिला. बर्फ पडण्यापूर्वीच थोडे खारे पाणी फवारले तर नंतर ढिगाने मीठ टाकावे लागत नाही. हवेचे नव्हे, तर रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान मोजून निर्णय घेतला तर निष्कारण फेऱ्या वाचतात. आधी यंत्राने बर्फ बाजूला सारावा, मिठाचा नंबर नंतर. हिवाळी टायर सक्तीचे करावेत, वेगावर मर्यादा घालावी, आणि वादळाच्या रात्री रस्ता सरळ बंद करावा. या शेवटच्या तीन उपायांत शोध असा काहीच नाही. त्यांत आहे ती केवळ गैरसोय सोसण्याची तयारी, आणि म्हणूनच ते सर्वांत शेवटी आठवतात.

हिमालयातील नवा प्रश्न

भारतात हा विषय आजवर दूरचा वाटत होता, कारण हिमालयातील उंच खिंडी हिवाळ्यात बंदच असत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालील नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात सुमारे सहा महिने जगापासून तुटणारे लाहौलचे खोरे मनालीशी जोडले गेले. जानेवारी २०२५ मध्ये काश्मिरात सोनमर्गचा बोगदा सुरू झाला. झोजीला खिंडीखालच्या बोगद्याचे कामही हाती घेण्यात आले आहे. आजारी माणसाला हिवाळ्यात मनालीस किंवा श्रीनगरास नेता येणे, सीमेवरील जवानांस रसद वेळेवर मिळणे, ही सामान्य गोष्ट नव्हे. या रस्त्यांना विरोध करण्याचे कारण नाही.

परंतु बोगदा डोंगर टाळतो, बर्फ टाळीत नाही. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी रस्ता पुन्हा उघड्यावर येतो, आणि तेथे आता केवळ स्थानिकांची नव्हे तर देशभरातून, महाराष्ट्रातूनही, बर्फ पाहावयास गेलेल्या पर्यटकांची गर्दी असते. त्यांच्या मोटारी मैदानी टायरांवर चालतात आणि कित्येक चालकांनी बर्फ प्रथमच पाहिलेला असतो. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग नाला ते बोगदा या पट्ट्यात घसरत्या बर्फावर शेकडो वाहने अडकून पडली होती. सीमापार मरी येथे जानेवारी २०२२ मध्ये हिमवादळात अडकलेल्या मोटारींतच वीसहून अधिक माणसे दगावली. बर्फाळ रस्त्याचा प्रश्न हा जिवाचा प्रश्न आहे, हे कोणीही नाकारू शकत नाही. अशी एखादी दुर्घटना आपल्याकडे घडली म्हणजे ‘काय वाटेल ते करा, पण रस्ता मोकळा करा’ असा आक्रोश होईल. आणि तेव्हा हाताशी सर्वांत स्वस्त, सर्वांत जवळ असेल ते मीठच. आज वाळू, माती आणि थोडेफार मीठ यांवर भागते. उद्याची सवय मात्र आजच्या गाफीलपणातून लागेल.

हिमालयातील गावे पिण्यासाठी मुख्यतः झऱ्यांवर अवलंबून आहेत. नीती आयोगाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हिमालयातील निम्मे झरे आटत चालल्याचे नमूद केले होते. ज्या झऱ्याचे पाणी आधीच कमी झाले आहे, त्यात वरच्या रस्त्यावरून उतरलेले थोडे मीठही अधिक दाट भासणार. कॅनडातील विस्तीर्ण सरोवरांना जे पचविता आले नाही, ते डोंगराच्या कुशीतील बारीक झऱ्याला कसे पचावे?

म्हणून धोरण आधी आखले पाहिजे. मीठ टाकावयाचेच तर ते बोगद्याच्या तोंडाशी, पुलांच्या चढणीवर आणि अतिवळणांवर, मोजून टाकावे. इतरत्र वाळूवर भागवावे, आणि ती वाळूही वसंतात उचलून घ्यावी, नाही तर ती नाले बुजविते. किती मीठ, कोठे, कोणत्या दिवशी टाकले याची नोंद ठेवली जावी. रस्त्याखालच्या झऱ्यांतील क्लोराइड आजच मोजून ठेवावे, म्हणजे दहा वर्षांनी तुलनेस आधार राहील. साखळ्या वा योग्य टायर नसलेल्या वाहनास वर जाऊ देऊ नये. रोहतांगकडे जाणाऱ्या वाहनांची संख्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ च्या सुमारास मर्यादित केली, तेव्हा पर्यटन बुडाल्याची ओरड झाली होती. मनालीचे पर्यटन काही बुडाले नाही.

कन्नडच्या घाटाचा धडा

आता पुन्हा कन्नडच्या घाटाकडे वळावयास हरकत नाही. आपल्या घाटांचा शत्रू बर्फ नसून पाणी आहे. सह्याद्री आणि अजिंठ्याचे डोंगर काळ्या पाषाणाच्या थरांचे आहेत. दोन थरांमध्ये मऊ, मातकट पट्टे असतात. पाणी फटींतून मुरते, मऊ पट्टा भिजून सैल होतो, आणि रस्त्यासाठी ज्या कड्याचा पाया कापलेला असतो तो खाली येतो. यावरील उपायही कोणापासून लपलेले नाहीत : कड्याच्या माथ्यावर पाणी अडविणारे चर, रस्त्याकडेची मोकळी गटारे, पुरेशा रुंदीच्या मोऱ्या, सैल दगडांवर जाळी आणि मे महिन्यात एकदा डोळस पाहणी. ही कामे स्वस्त आहेत, पण त्यांचे उद्घाटन करता येत नाही. त्यामुळे पावसाळ्यानंतर खड्ड्यात मुरूम टाकणे, वर डांबराचा हात फिरविणे आणि तुटलेला कठडा पुन्हा बांधणे, हेच आपल्या घाटांतले मीठ झाले आहे. लगेच दिसते, लगेच उपयोगी पडते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

जड वाहनांवरील बंदीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. घाटाचा जीव वाचविण्यासाठी ती आवश्यक होती. परंतु वळविलेल्या मालमोटारी हवेत विरत नाहीत. त्या दुसऱ्या रस्त्यांनी जातात. ते रस्ते एवढ्या ओझ्यासाठी बांधलेले नसतील, तर घाटाचा भार गावांवर टाकला गेला एवढाच त्याचा अर्थ. त्या रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी, तेथील शाळांपुढील रहदारीसाठी आणि वाढलेल्या इंधनासाठी कोण किती खर्च करतो, याचा एकत्र हिशेब मांडला गेला पाहिजे. तो मांडल्याखेरीज बोगदा परवडतो की नाही, हे तरी कसे ठरणार? आणि बोगदा झाला तरी जुना घाट राहणारच. त्याची गटारे उपसावी लागणारच.

या बाबतीत अनुकरणीय उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढल्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. त्यानंतर त्या मार्गावर कड्यांचे उतार कमी करण्यात आले, जाळ्या बसविण्यात आल्या, पर्जन्यमापके उभारण्यात आली आणि पावसाळ्यात रुळांवर गस्त वाढविण्यात आली. या सर्वांच्या जोडीला पावसाळ्यापुरते निराळे वेळापत्रक सक्तीने पाळले जाते. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाल्यास चालकाने गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा, अशी सूचना असते. प्रवासी उशिरा पोहोचतात. परंतु पावसाळ्यात गाडी उशिरा पोहोचणार हे कोकणातील माणसाने मान्य केले आहे, आणि त्याने कोकणचे अडले नाही.

रेल्वेला जे जमले ते रस्त्याला का जमू नये? घाटातील प्रत्येक रस्त्यासाठी पावसाळ्याचे वेळापत्रक असू शकते : अमुक पाऊस झाला की जड वाहने थांबतील, त्याहून अधिक झाला की सर्वच थांबतील. त्यासाठी घाटमाथ्यावर पर्जन्यमापक, दोन्ही पायथ्यांशी मालमोटारी उभ्या करण्यास जागा, चालकांसाठी पाणी व निवारा आणि निर्णय घेण्याचा अधिकार असलेला एक जबाबदार अधिकारी, एवढेच लागते. आज तो निर्णय दरड कोसळल्यानंतर दरडच घेते.

रस्ता म्हणजे प्रगती, हे समीकरण स्वातंत्र्यानंतरच्या पिढ्यांच्या मनात घट्ट बसले आहे आणि मराठवाड्यासारख्या दळणवळणात मागे ठेवलेल्या प्रदेशाने ते सोडावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु डोंगरातील रस्ता हा डोंगराच्या सोसण्याच्या मर्यादेत चालतो. ती मर्यादा मिठाने, मुरमाने किंवा डांबराच्या थराने वाढत नाही. तिची आठवण तेवढी काही काळ पुढे ढकलली जाते. थंड देशांना हे कळावयास ऐंशी हिवाळे लागले. कन्नडच्या घाटाने ३१ ऑगस्ट २०२१ च्या एका पावसात तेच सांगितले आहे. पुढच्या जूनच्या आत घाटातील गटारे उपसली जातात की नाही, यावरून ते ऐकले गेले की नाही हे समजेल.